ओव्याच्या वासाचं सूप

लिफ्टचं दार उघडलं की आमच्या मजल्यावर कुणाच्या घरी काय शिजतंय ते आधी नाकाला कळतं. सिंगापूरच्या सरकारी इमारतीतला हा नववा मजला. लांबलचक कॉरिडॉर, ओळीनं घरं, दारं दिवसभर उघडी आणि बाहेर फक्त जाळीचा दरवाजा. शेजाऱ्यांकडे बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, परतला की आम्हाला ठसका, आमच्याकडे मिरचीची फोडणी पडली की त्यांना. २०१५ च्या डिसेंबरात मला सातवा महिना होता. ऑफिसातून आले, लिफ्टबाहेर पाऊल टाकलं आणि वाटलं, कुणीतरी ओवा करपवला. पण नुसता ओवा नव्हता. ओव्याबरोबर थोडी सेलरी, आणि त्यामागून जुन्या लाकडी कपाटाचा, जरा धुरकट, कडवट-गोडसर वास.

वास येत होता शेजारच्या आंटींकडून. इथे आपल्याहून मोठी कुठलीही बाई आंटीच असते, भाजीवालीपासून बँकेतल्या मॅनेजरपर्यंत. पण या आमच्या खास आंटी, कॅन्टनीज, सत्तरीला टेकलेल्या. मी जाळीतून डोकावले. त्यांनी मातीच्या भांड्याचं झाकण उचलून मला वास दिला, आणि मी "थोडं चाखू का?" म्हणायच्या आत झाकण परत ठेवलं. "यू कॅनॉट." मग माझ्या पोटाकडे बोट: "बेबी कम आउट फर्स्ट."

भांड्यात होतं दांगग्वेई. आंटी त्याला कॅन्टनीजमध्ये तोंगक्वाय म्हणतात. चिनी वैद्यकातलं हे मूळ तिकडे घराघरात असतं, आपल्याकडे सुंठ असावी तसं. आणि वास ओव्यासारखा का, याचं उत्तर सरळ आहे: दोघं एका घराण्यातले. त्याच घराण्यात जिरं, धने, बडीशेप, शेपू, गाजर, हिंग. म्हणजे आपला निम्मा मिसळणाचा डबा दांगग्वेईचा चुलत गोतावळा आहे. त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा एक हिमालयातही राहतो. आयुर्वेदात त्याला चोरक म्हणतात, कुमाऊँत गंद्रायण, आणि तिथल्या बायका त्याचं सुकं मूळ राजम्यात, डाळीत घालतात. हिंगाशी तर आणखी एक धागा जुळतो. दांगग्वेईतल्या ज्या द्रव्यांचा अभ्यास सगळ्यात जास्त झाला त्यांतलं एक फेरुलिक ॲसिड, आणि ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं १८६६ साली, हिंगातून. नावही हिंगाच्या झाडाच्या लॅटिन नावावरून, फेरुला.

लेकीचा जन्म मार्चमधला. आई कोल्हापूरहून महिनाभर आधीच येऊन बसली होती. बॅगेत डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा, बाळंतसुपारी आणि धुरीसाठी ओव्याची पुडी. विमानतळावर त्या पुडीवरून तिला पाच मिनिटं थांबवलं, हे ती अजून सांगते. घरी आल्यावर चौथ्या दिवशी आंटी दारात उभ्या राहिल्या, आईकडे बघितलं, माझ्या कानाला बांधलेल्या स्कार्फकडे बघितलं आणि खूश झाल्या. त्यांच्याकडेही बाळंतिणीनं महिनाभर घराबाहेर पडायचं नाही, केस धुवायचे नाहीत, गार पाणी नाही, पंखा नाही, अंगाला वारं लागू द्यायचं नाही. दोघींना एकमेकींची भाषा एक शब्द येत नव्हती, तरी "वारं" या विषयावर त्यांचं खाणाखुणांनी दहा मिनिटं एकमत झालं. मी मात्र ३२ अंशांत लोकरीच्या मोज्यांत बसून घामानं निथळत होते.

तेव्हाही आंटींनी दांगग्वेई दिलं नाही. पहिले दिवस फक्त लाल खजुरांचा काढा, ज्याला त्या चहा म्हणतात. मला तपासल्यासारखे प्रश्न विचारत. रक्तस्राव कसा आहे, रंग कसा, ताप आहे का, पोट साफ होतं का, की ढिलं आहे? ढिलं असेल तर अजून थांबायचं, कारण हे मूळ आतडी ओलावतं. चिनी वैद्य म्हाताऱ्यांच्या कोरड्या बद्धकोष्ठालाही देतात ते याच गुणासाठी. बाराव्या दिवशी परवानगी मिळाली. आंटी टेक्का मार्केटमधून मटण घेऊन आल्या, कारण आम्ही डुकराचं खात नाही हे त्यांना माहीत होतं.

आईनं वाटीत बोट बुडवून चाखलं. "अगं, हे आपलं अळणीच की!" कोल्हापूरकरांना सांगायला नको. मटण शिजवल्यावर तिखटमीठ पडायच्या आधी जे पाणी बाजूला काढतात, आजाऱ्याला, लहान पोराला आणि बाळंतिणीला देतात, ते अळणी. आईनं आणखी एक घोट घेतला. "ओवा घातलेलं अळणी. पण गोड लागतंय, बाई, शेवटाला."

ती ज्याला अळणी म्हणाली ती पाककृती अठराशे वर्षांची आहे. झांग झोंगजिंग नावाचा वैद्य हान राजवटीच्या अखेरीस होऊन गेला. त्याच्या ग्रंथात हे सूप औषध म्हणूनच येतं, नावासकट: दांगग्वेई-आलं-मटण काढा. पोटातल्या थंडीच्या कळांवर, आणि बाळंतपणानंतर पोटात दुखतं त्यावर. मटण १६ भाग, आलं ५, दांगग्वेई ३. बास. खजूर, गोजीची लाल फळं, तांदळाची दारू ही सगळी नंतरची, घरोघरची भर. प्रमाण बघा, आलं औषधापेक्षा जास्त आहे. मला हे फार आवडतं, की ज्याचं नाव सुपाला मिळालं ते भांड्यात सगळ्यात कमी आहे.

तसंच आणखी एक उदाहरण आहे. १२४७ साली ली दोंगयुआन या वैद्यानं दांगग्वेईचा "रक्त भरून काढणारा काढा" लिहिला. त्यात दोनच मुळं. एक दांगग्वेई आणि दुसरं ह्वांगछी, पाचास एक या प्रमाणात, आणि पाच भाग आहेत ते ह्वांगछीचे! शक्ती वाढली की रक्त आपसूक तयार होतं, असा त्यामागचा विचार. हाँगकाँगच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात अलीकडे वेगवेगळी प्रमाणं उकळून तपासली, तर जुनं पाचास एक हेच प्रमाण मुळांतली द्रव्यं पाण्यात उतरवायला सरस ठरलं. योगायोग म्हणा, नाहीतर सातशे वर्षं भांडी घासल्याचं फळ म्हणा.

बाळंतपण आटोपल्यावर मला या मुळाचा नाद लागला. आंटींच्या मागे लागून मी त्यांच्या नेहमीच्या औषधांच्या दुकानात गेले. अशा दुकानाला इथे मेडिकल हॉल म्हणतात. भिंतभर लहान लहान ड्रॉवर, प्रत्येकात तीन-चार कप्पे, वरती काचेच्या बरण्यांत सुकवलेलं काय काय, ज्याकडे फार निरखून बघू नये. गल्ल्यावरच्या काकांकडे इलेक्ट्रॉनिक काटा होता, पण आंटींसाठी त्यांनी जुना तराजू काढला. एकच पारडं, वर बारीक दांडी, दांडीवर सरकणारं वजन. आपल्या सोनारापेक्षा वेगळा, पण हातातली अदब तीच. माप काय? चिनीत छ्येन, आणि इंग्रजी बोलणारे त्याला मेस म्हणतात. मला हा मेस शब्द कुठून आला ते शोधल्याशिवाय झोप लागेना. मलायी भाषेतल्या मासवरून, आणि तो संस्कृत माष, म्हणजे उडदाच्या दाण्यावरून. आपल्या सोनाराचा मासा! त्याच्या वरच्या मापाचं मलायी नाव तहील, त्याचं नातं तोळ्याशी लावतात. आजी पाटल्या मोडायला जाताना "किती तोळे, किती मासे" करायची, तेच माप सिंगापुरात मुळं तोलत बसलं होतं.

काकांनी अख्खं मूळ काढून दाखवलं. वितीएवढं, तपकिरी, वरती गाठीसारखं डोकं, मध्ये जाड धड आणि खाली शेपटासारखे फाटे. बाजारात त्याला घोड्याच्या शेपटीचीच उपमा देतात. जुन्या वैद्यांनी एकाच मुळाची तीन औषधं केली: डोकं रक्तस्रावावर, धड रक्त पोसायला, आणि शेपट साचलेलं रक्त हलवायला. काकांनी ते मोडलं. आतून पिवळट पांढरं, तेलाचे तपकिरी ठिपके. दुसरा एक तुकडा काढला, काटक्यासारखा कोरडा, आतून हिरवट. तो त्यांनी बाजूला टाकला. "दिस वन, फायरवूड."

हे सरपण का होतं, ते कळलं तेव्हा शेतकऱ्याबद्दल हळहळ वाटली. सगळ्यात नावाजलेलं दांगग्वेई येतं गान्सू प्रांतातल्या मिन परगण्यातून. वायव्य चीन, दोन हजार मीटरपेक्षा उंच, गार, ओलसर डोंगर. पहिल्या वर्षी बी टाकून रोपं करायची, हिवाळ्याआधी उपटून जपून ठेवायची, दुसऱ्या वसंतात पुन्हा लावायची आणि ऑक्टोबरच्या सुमाराला मुळं खणायची. झाड तिसऱ्या वर्षी फुलतं, पण घाई करून दुसऱ्याच वर्षी तुरा काढला तर मूळ लाकूड होऊन बसतं आणि दीड वर्षाची मेहनत चुलीत. खणल्यावर मुळं मऊ पडू द्यायची, जुड्या बांधायच्या आणि ओल्या लाकडाच्या मंद धुरावर दिवसेंदिवस सुकवायच्या. माझ्या नाकाला जुनं कपाट वाटलं होतं ते हा धूर असावा. हल्ली काही ठिकाणी गंधकाची धुरी देऊन माल गोरागोमटा करतात. काका म्हणाले, फार पांढरं दिसलं तर घेऊ नका. आंटींनी माझ्या कोपराला ढोसलं, म्हणजे हे लक्षात ठेव.

आता ते काय करतं, किंवा करतं असं चिनी वैद्यक मानतं, ते सांगते. चवीनं गोड आणि तिखट, गुणानं उष्ण. दोन कामं. रक्त भरतं आणि रक्त हलवतं. आपल्या कानाला हे उलटसुलट वाटतं, पण त्यांचं म्हणणं असं की नुसतं भरलं तर साचेल आणि नुसतं हलवलं तर रितं होईल. म्हणून पाळी अनियमित, पाळीत पोट दुखतं, बाळंतपणानंतर फिकटपणा, मार लागून रक्त साखळलं, हातपाय गार पडून दुखतात, अशा सगळ्या ठिकाणी ते येतं. मात्र जवळजवळ कधीच एकटं येत नाही. सगळ्यात प्रसिद्ध जोडणी म्हणजे "चार वस्तूंचा काढा", त्यात दांगग्वेईबरोबर आणखी तीन मुळं. आज चिनी मुली पाळी संपली की हा काढा पितात, तयार बाटल्याही मिळतात, आणि तो बायकांचा काढा म्हणूनच ओळखला जातो. गंमत अशी की तो पहिल्यांदा सापडतो तांग काळातल्या, नवव्या शतकाच्या एका हाडवैद्याच्या पुस्तकात! पडून, मार लागून आलेल्यांसाठी. मुळाचंही तसंच. सगळ्यात जुन्या चिनी औषधकोशात दांगग्वेईची नोंद सुरू होते ती खोकल्यापासून, बायकांचे विकार नंतर येतात. म्हणजे "बायकांचं जिन्सेंग" ही ओळख त्याला फार पुढे चिकटली. मला वाटतं ती विकायला सोपी म्हणून टिकली.

विकायचं म्हटलं तर युरोपही मागे नव्हता. मर्क या जर्मन कंपनीनं १८९९ साली याच मुळाचा अर्क युमेनॉल या नावानं पाळीच्या तक्रारींसाठी बाजारात आणला होता. आणि अमेरिकेत १९९७ साली एक चाचणी झाली. पाळी गेलेल्या ७१ बायका, २४ आठवडे, निम्म्यांना दांगग्वेई, निम्म्यांना खोटी गोळी. अंगातून वाफा निघणं दोन्हीकडे सारखंच कमी झालं. चिनी वैद्यांनी यावर लगेच म्हटलं, एकटं कुणी दिलं होतं का कधी? आक्षेपात तथ्य आहे. पण मला हेही वाटतं की दुकानातल्या बाटलीवर एकट्या मुळाचं नाव मोठ्ठं छापून विकताना हा आक्षेप कुणाला आठवत नाही.

नावाची गोष्ट राहिली. दांग म्हणजे हवं, ग्वेई म्हणजे परत येणं. "परत यायला हवं." कुणी म्हणतं, भरकटलेलं रक्त आपल्या जागी परत येतं म्हणून. १५७८ साली ज्याचा प्रचंड औषधकोश पुरा झाला तो ली शिझेन म्हणतो, बाईला नवऱ्याची ओढ लागते त्यावरून. आंटींना मात्र तिसरीच गोष्ट आवडते. तीन राज्यांच्या लढायांच्या काळात जियांग वेई नावाचा सरदार शत्रुपक्षाला जाऊन मिळाला आणि आई मागे राहिली. तिनं पत्र पाठवलं, थोडं दांगग्वेई पाठव. म्हणजे परत ये. त्यानं उत्तर दिलं, शंभर शेतं असली की एका वाफ्याची ओढ राहत नाही, आणि दूरचा पल्ला असला की परत येणं नाही. यात "दूरचा पल्ला" हेही चिनीत एका मुळाचंच नाव आहे, युआनझी. आईनं औषध मागितलं, पोरानं दुसरंच औषध सुचवलं. आंटींचा मुलगा पर्थला असतो. ही गोष्ट त्यांनी मला दोनदा सांगितली, दोन्ही वेळा भांडी विसळताना, पाठमोऱ्या.

इथवर सगळं छान छान आहे. आता २०१८.

नोव्हेंबरात सासरे आले दोन महिन्यांसाठी. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. सात वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली, त्यामुळे रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आयएनआर नावाच्या आकड्यात मोजतात. अण्णांचा अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा, आणि अण्णा म्हणजे निवृत्त ओव्हरसीयर, वहीत तारखेसकट आकडे लिहिणारे. सात वर्षांत वही सरळ रेषेत चालली होती.

अण्णांची आणि आंटींची जमली ती कुंड्यांवरून. कॉरिडॉरमध्ये आंटींचा कढीपत्ता आहे, तो छाटायचा कसा हे अण्णांनी दाखवलं. मोबदल्यात सूप येऊ लागलं. गुडघे दुखतात, हात गार पडतात म्हणाले, म्हणून दांगग्वेईचं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा, मोठ्ठा वाडगा. अण्णांना अळणीची सवय, ते शेवटचा थेंब पीत. मी बघत होते आणि मला कौतुक वाटत होतं. याचा फोटो काढून मी कोल्हापूरला आईला पाठवला आहे, तो अजून फोनमध्ये आहे.

चौथ्या आठवड्यात दात घासताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. मग दंडावर नीळ, कुठे आपटल्याचं आठवत नाही. आम्ही डॉक्टरकडे गेलो. आयएनआर ५.१.

डॉक्टरीणबाई तरुण, शांत. नवीन गोळी सुरू केली का? नाही. अँटिबायोटिक? नाही. डोस चुकला, दोनदा घेतला? अण्णांनी वही पुढे केली. ट्रॅडिशनल मेडिसिन काही घेता का? "नाही," अण्णा म्हणाले. "नाही," मी म्हणाले. "नाही," नवराही म्हणाला. तिघांनीही खरं सांगितलं होतं. ट्रॅडिशनल मेडिसिन म्हणजे पुड्या, काढे, गोळ्या. आम्ही फक्त सूप पीत होतो.

डॉक्टरीणबाई दोन दिवस वॉरफरिन बंद ठेवायला सांगून, पुन्हा तपासणीची तारीख देऊन आमच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, जेवणात काय बदललं? मी पालक, कोबी, असलं काहीतरी मोजायला लागले. आणि मध्येच थांबले. तो वास नाकात आला, अक्षरशः, त्या फिनेलच्या वासाच्या खोलीत.

पुढे मी वाचलं ते असं. १९९९ साली अमेरिकेत एका ४६ वर्षांच्या बाईची नोंद प्रसिद्ध झाली. वॉरफरिनवर स्थिर असलेली. पाळी जाण्याच्या त्रासासाठी चार आठवडे दांगग्वेई घेतलं आणि तिचा आयएनआर दुपटीहून वर गेला. बाकी काहीच बदललं नव्हतं. बंद केल्यावर साधारण महिन्याभरात खाली आला. त्यानंतर वॉरफरिनबरोबर टाळायच्या वनस्पतींच्या याद्यांत हे नाव ठळक असतं. अण्णांच्या बाबतीत सगळा दोष सुपाचाच, हे डॉक्टरीणबाईंनी छातीठोक सांगितलं नाही. घर बदललं होतं, भाज्या बदलल्या होत्या, जेवणही कमी झालं होतं. पण सूप बंद झालं आणि आकडा हळूहळू खाली आला, एवढं अण्णांच्या वहीत लिहिलेलं आहे. त्या पानाच्या समासात त्यांनी बारीक अक्षरात "सूप?" असंही लिहिलंय.

मी आंटींना सांगायचं टाळत होते. दोन दिवस मी वाडगा दारातून घ्यायचे आणि बेसिनमध्ये ओतायचे, आणि ओतताना हात जड व्हायचा. तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्या जाळीपलीकडे उभ्या, हातात झाकण. काहीच बोलल्या नाहीत. मग आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दाराला आम्ही पाच वर्षांत दिवसाउजेडी बंद पाहिलं नव्हतं.

मला त्यांचा राग येऊ शकला नाही आणि त्याचं कारण ते पहिलंच झाकण. गरोदर असताना त्यांनी मला थेंब दिला नव्हता. बाळंतपणानंतर बारा दिवस थांबवलं, ताप विचारला, पोट विचारलं. मनाई कुठे कुठे आहे याची यादी त्यांना आईकडून, सासूकडून तोंडपाठ मिळालेली, आणि ती चांगली यादी आहे. फक्त ती यादी ज्यांनी केली त्यांच्या गावात वॉरफरिन नव्हतं. ते माणसांसाठी वापरात आलं १९५४ साली, त्याआधी उंदीर मारायला होतं. आणि डॉक्टरीणबाईंच्या यादीत प्रश्न होता, पण आमच्या भाषेत नव्हता. "सूप पिता का?" असं कुणी विचारत नाही.

सिंगापूर सरकार या बाबतीत झोपलेलं आहे असंही नाही. २००० साली इथे चिनी वैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला, परीक्षा आहेत, शिक्षा आहेत. ह्वांगल्येन नावाच्या मुळावर तर १९७८ पासून बंदी होती, कारण त्यातल्या बेर्बेरिनमुळे काही बाळांची कावीळ वाढण्याची भीती. ती उठली २०१३ मध्ये. (हेच बेर्बेरिन आपल्या दारुहळदीत असतं, आणि आपल्याकडे त्याची कुणी एवढी चौकशी केलेली मी तरी ऐकली नाही.) पण कायदा दुकानाच्या गल्ल्यापर्यंत येतो. शेजारणीच्या मातीच्या भांड्यापर्यंत कुठला कायदा येणार?

आठवड्यानं दार उघडलं. आंटी अण्णांसाठी सफरचंदं घेऊन आल्या, सोबत एक कागद. त्यावर त्यांच्या नातीकडून इंग्रजीत लिहून घेतलेली औषधांची नावं, वॉरफरिन सगळ्यात वर, खाली अ‍ॅस्पिरिन आणि आणखी दोन. मेडिकल हॉलच्या काकांकडे जाऊन त्यांनी हे विचारून घेतलं होतं. काकांना माहीत होतं म्हणे. "ही से, यू नेव्हर आस्क." हे सांगताना आंटी इतक्या चिडल्या होत्या की अण्णांना हसू आलं. मग त्याही हसल्या.

कागद त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला आहे, पांडाच्या चुंबकाखाली. गेल्या महिन्यात पलीकडच्या घरात नवीन तामिळ कुटुंब आलं. मी ऑफिसातून येत होते, लिफ्ट उघडली आणि तोच ओवा. आंटी त्यांच्या दारात उभ्या, एका हातात वाडगा, दुसरा हात झाकणावर घट्ट. आतल्या आजींना विचारत होत्या, "टॅब्लेट? एनी टॅब्लेट?" आजी म्हणाल्या, बीपी, शुगर. "अनदर? ब्लड वन?" आजींना कळेना. आंटींनी वाडगा कुंडीच्या कठड्यावर ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "यू गो इन. सी द बॉक्स." मी चपला काढून आत गेले आणि आजींच्या गोळ्यांचा डबा उघडला.